बायसाल मामांचा करडा घोडा

सहा दिवस राउशान तोर्गाईचं माळरान पिंजून काढत होती, पण सायगा हरणांचा कळप काही सापडत नव्हता. पाच माद्यांच्या गळ्यात तिने शोधपट्टे घातले होते. त्यातले चार हिवाळ्यातच मुके झाले आणि पाचवा रोज वेगळीच दिशा सांगायचा. मे महिन्याचा दुसरा आठवडा लागला होता. हजारो माद्या आता एकाच जागी, आठवड्याभरात विणार. ती जागा दरवर्षी नवी, आणि ठरवताना त्या राउशानला कधीच विचारत नसत.

सातव्या दिवशी सकाळी तिच्या पथकातला रक्षक झानात याने एका टेकाडाखाली जीप थांबवली. पाय मोकळे करायला म्हणून वर गेला आणि वाकूनच खाली पळत आला.

"ताई, जमीन हलतेय. नाहीतर माझे डोळे तरी गेलेत."

राउशान पोटावर सरपटत वर गेली. दुर्बीण डोळ्याला लावली. कोपरं मातीत रुतवली आणि दिसली ती नाकं, लोंबती, मऊ, छोट्या सोंडेसारखी. एक, दहा, मग मोजण्यापलीकडे. फिक्या रंगाच्या माद्या क्षितिजापर्यंत उभ्या होत्या आणि एकही पळत नव्हती. त्यांतली एक आडवी झाली, धडपडली, उठली. तिच्या पायाशी ओलं काहीतरी उभं राहायला बघत होतं. ते पडलं, पुन्हा उठलं, तेवढ्यात दुसरंही आलं.

"जुळी," राउशान म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. नऊ वसंत ती हे काम करत होती, तरी पहिल्या पिल्लाला ती दरवर्षी रडायची आणि दरवर्षी झानात दुसरीकडे बघायचा.

यंदा मात्र दुसरीकडे बघता बघता त्याची नजर खालच्या पायवाटेवर थांबली. "ताई, पाणवठ्याला जाणारी ही वाट बायसाल मामांची ना?"

बायसाल मामा म्हणजे तिच्या आईचे थोरले भाऊ. उद्या पहाटे ते साठ घोडे आणि तीन कुत्रे घेऊन याच वाटेने उन्हाळी कुरणाकडे निघणार होते. माद्या बिथरून पळाल्या असत्या आणि गवतात चिकटून पडलेली एक-दोन दिवसांची पिल्लं मागे उपाशी राहिली असती. राखीव क्षेत्राची हद्द आठ किलोमीटर अलीकडेच संपत होती. तालुक्याहून मनाईचं पत्र यायला आठवडा लागला असता. तेव्हा उरले फक्त मामा.

ती झानातला घेऊन पोचली तेव्हा मामा दारात खोगिराचा पट्टा शिवत बसले होते. "आली का भाची," ते आत बघून ओरडले. "कामार, चहा टाक. काहीतरी मागायलाच आलेली दिसतेय."

"मामा, उद्या निघू नका. आठ दिवस थांबा. तुमच्या वाटेवर सायगा वितायत."

"त्या नाकाड्या शेळ्या? गेल्या साली त्यांनी माझं कुरण साफ केलं, तेव्हा त्यांना जाऊन सांगितलंस का, मामाच्या घोड्यांसाठी आठ दिवस थांबा म्हणून?"

ते खरं होतं. "मग वळसा घालून जा," ती म्हणाली.

"दोन दिवस पाण्याशिवाय? बारा शिंगरं आहेत माझी, महिन्याचीही नाहीत. त्यातली किती पोचली ते मग तुझ्या वहीत लिही."

"थांबलात तर इथे विहीर आहे."

"साठ घोड्यांना पाणी कोण शेंदणार?"

"झानात."

झानातचा चहाचा घोट घशातच अडकला. मामांनी हात झटकला. बोलणं संपलं, असा त्याचा अर्थ.

कामार मामींनी बाउरसाकच्या तळलेल्या गोळ्यांची परडी पुढे सरकवली. "नेहमी जनावरांसाठीच मागतेस गं. स्वतःचं शिंगरू न्यायचं तर राहूनच गेलं तुझं."

बहिणीच्या लेकराने मामाच्या घरातलं वा कळपातलं मनाला येईल ते मागावं आणि मामाने नाही म्हणू नये, ही रीत. राउशान आधी शिकत होती, मग सायगांच्या मागे लागली, आणि अडतिसाव्या वर्षापर्यंत तिने त्या हक्काने काहीच मागितलं नव्हतं. त्यावरून मामा तिला दर लग्नात चिडवायचे.

राउशानने बाउरसाक खाली ठेवला. "आज नेते."

"ने की," मामा खूश झाले. "बारातलं कुठलंही निवड."

"करडा."

पट्ट्यातली सुई तशीच राहिली. करडा म्हणजे कळपाचा म्होरक्या. तो चालला तर साठ चालायचे, तो थांबला तर साठ थांबायचे. त्याला विकत मागणाऱ्यांना मामा चहाही न पाजता परत पाठवायचे.

"तू त्याला नेऊन करणार काय?"

"कुठे नेणार नाही. तुमच्याच खुंटाला आठ दिवस बांधून ठेवणार."

मामांना सगळं उमगलं. मानेपासून कपाळापर्यंत ते लाल झाले. "एवढी वर्षं शहाण्यासारखी गप्प बसलीस ती ह्यासाठी?"

"मागितलं ना तिनं," मामी डोक्यावरच्या रुमालाआड हसू दाबत म्हणाल्या. "मग द्या."

मामांनी दोर तिच्या पायाशी टाकला. "घे. पण माझ्याशी बोलू नकोस."

राउशानने दोर उचलला. आई गेल्यावर हेच एक घर तिचं माहेर होतं. पिल्लं वाचली होती, पण घर गेलं की काय, असं तिला वाटत राहिलं.

पुढचे दिवस वाऱ्यासारखे गेले. राउशान आणि झानात ठरल्या ओळीत दबक्या पावलांनी चालायचे आणि गवतात पडलेलं पिल्लू हात न लावता वहीत टिपून ठेवायचे. आकडा हजारावर गेला, तशी राउशानला जेवणाची शुद्ध राहिली नाही. सकाळी ती विहिरीवर जायची. झानात अर्धी बादली सांडतो म्हणून मामांनी त्याला हाकलून दिलं होतं. ते स्वतः पाणी शेंदायचे आणि तिच्याकडे बघायचेही नाहीत. कुत्रे मात्र साखळीला होते. त्यांना कुणी बांधलं, हे तिने विचारलं नाही.

आठव्या दिवशी दुपारी टेकाडाच्या खालच्या बाजूने मामा चालत आले. माणूस शेजारच्या घरीसुद्धा घोड्यावर जाणारा, तो कोसभर पायी आला होता. टोपी हातात, चेहरा घामाने निथळलेला.

"सुयुन्शी दे," ते धापा टाकत म्हणाले. आनंदाची बातमी आणणारा आधी बक्षीस मागतो आणि ऐकणाऱ्याला ते द्यावंच लागतं.

"काय झालं, मामा?"

"माझ्या विहिरीमागच्या खोलगटात बत्तीस पिल्लं. तीनदा मोजली. आधी एकतीस भरली होती, एक लबाड दगडाला चिकटून पडलं होतं."

राउशान हसायला लागली आणि तिला थांबता येईना. "द्यायला लागणारच," ती म्हणाली. "चला घरी. करड्याचा दोर सोडते."

"करडा तुझा. दिलेला घोडा मी परत घेत नाही. माझ्याच कळपात राहील, पण तुझा." मामांनी तिच्या गळ्याकडे बोट दाखवलं. "मला ती दुर्बीण दे. लांबून मोजायला बरी."

ती दुर्बीण नऊ वसंत तिच्या गळ्यात होती. राउशानने पट्टा डोक्यावरून काढला आणि मामांच्या गळ्यात घातला. मामांनी ती डोळ्याला लावली आणि ते ओठांतल्या ओठांत मोजू लागले. तिला राहवेना. ती एक पाऊल पुढे सरकली.

"पाय जपून टाक गं," मामा दुर्बीण न काढता खेकसले. "तिथे पिल्लू आहे."