मिठागरातल्या पायाचा मोजा

मी एक काळा सुती पायमोजा बोलतोय. मान खाली घालूनच बोलतोय, कारण माझ्या वाट्याला आलेली गोष्ट मिरवण्यासारखी नाही. मोज्याला मान कुठली, असं तुम्ही विचाराल. मान नाही, पण लाज आहे, आणि ती भरपूर आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. यंत्रातून आम्ही दोघे भाऊ जोडीने बाहेर पडलो आणि रोह्याच्या बाजारपेठेत एका दुकानाबाहेर लोंबकळत राहिलो. मोज्यांत डावा-उजवा असा भेद नसतो. पहिल्यांदा ज्या पायात जाऊ, तो आपला. मला दिनानाथांचा डावा पाय मिळाला.

दिनानाथ धरमतरच्या खाडीकाठचे. सारा जन्म मिठागरात गेला. खाऱ्या पाण्यात उभं राहून लांब दांड्याच्या फावड्याने मीठ ओढायचं आणि त्याचे ढीग घालायचे. त्या पाण्याने टाचांना खोल भेगा पडलेल्या, अंगठ्याचं नख शिंपल्यासारखं जाड आणि वाकडं झालेलं. चप्पलसुद्धा या पायांना लग्नकार्यापुरतीच ठाऊक, तिथे मोज्याची काय कथा!

त्यांचा मुलगा मिथुन धाटावच्या एका कंपनीत आहे. रोह्याला फ्लॅट घेऊन बायकोसह, म्हणजे दिपिकासह राहतो. दोघांनी जपानला जायचं ठरवलं, क्योतो नावाच्या जुन्या राजधानीत. रविवारी दिनानाथ गावाहून आले की टीव्हीवर क्योतोचे व्हिडिओ सुरू व्हायचे. कोणत्या दिवशी कोणती देवळं, कोणत्या गल्लीत काय खायचं, हे दिपिका ठरवी. कच्च्या माशावरून तर घरात दोन तट पडले.

"कच्ची मासली?" दिनानाथ म्हणाले. "आमची मांजर पण तोंड लावायची नाय."

अशाच एका रविवारी पडद्यावर पांढऱ्या खडीचं एक अंगण आलं. झाड नाही, फूल नाही. नुसती खडी, आणि तिच्यावरून दाताळ्याने ओढलेल्या सरळ रेघा. दिनानाथ चहाचा कप तसाच हातात धरून पुढे सरकले.

"आरं, ह्यांनी मीठ वढलंय!"

"मीठ नाही बाबा, खडी आहे ती. देवळातली बाग आहे."

"मीठ नाय पडत, तरी वढतात? कशापायी?"

मग ते हळूच म्हणाले, "ता मना बघायचाय."

या माणसाने पोरापाशी आजवर काही मागितलं नव्हतं. मिथुन तिथल्या तिथे "चला की बाबा" म्हणाला, आणि पासपोर्टही करून घेतला. हे मी घरात आल्यावर ऐकलं, तेव्हा मिथुन मला फार आवडला होता.

पण क्योतोत देवळात काय, जेवायच्या जागी काय, जोडे बाहेर काढावे लागतात. दिपिकाने हे वाचून दाखवलं आणि मिथुनची नजर बापाच्या पायांकडे गेली. "बाबा, तिथे पाय दिसतात सगळ्यांना," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मला विकत घेतलं. आपण ऊब द्यायला जन्मलो, अशी माझी समजूत होती. मला आणलं होतं झाकायला.

जाण्याआधी मिथुनने कंपनीतल्या साहेबांना सपत्नीक जेवायला बोलावलं. ते क्योतोला जाऊन आलेले, चार गोष्टी कळतील म्हणून. तिकडच्यासारखं जेवायचं म्हणून हॉलमध्ये चटया घातल्या, उश्या मांडल्या. दिनानाथ आम्हाला घालून, अंग चोरून बसले. मांडी बदलताना अंगठ्याचं नख माझ्यात रुतलं आणि मी टर्रकन फाटलो. तो वाकडा अंगठा सगळ्यांसमोर बाहेर आला.

साहेबांच्या बाईंनी पाहिलं आणि नजर वळवली. मिथुनने बोलता बोलता हाताजवळची उशी उचलली आणि बापाच्या पायांवर ठेवली.

मी त्या उशीखाली होतो. फाटल्याची लाज होतीच, पण खरी लाज त्या उशीची वाटली. दिनानाथांचा पाय जागच्या जागी आक्रसला, तो फक्त मला कळला.

पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, "माझा तिकीट नको काढू रं. गुडगं दुखतात. तुमीच जावा."

मिथुन म्हणाला, "बरं." लगेच म्हणाला. का, म्हणून एका शब्दाने विचारलं नाही. तिकिटं दोघांचीच निघाली.

गावी परतल्यावर दिनानाथांनी मिठाच्या गोणी शिवायचा दाभण काढला आणि जाड दोऱ्याने मला शिवलं. जायचंच नव्हतं, तर शिवलं कशाला? निघायच्या दिवशी कळलं. विमानतळाच्या वाटेवर मिथुनची गाडी गावात वळली, तेव्हा ते आम्हाला घालून दारात उभे होते. ड्रायव्हर परका माणूस, त्याच्यासमोर पोराला खाली बघायला लागू नये म्हणून! स्वतःच्या दारात, स्वतःच्या मातीत!

मिथुन पाया पडायला वाकला. हात पायाला लागला नाही, मला लागला. अंगठ्यावरचा तो दाभणाचा टाका त्याच्या बोटांना कळला. तो वाकलेला तसाच राहिला. मग खाली बसला, मला ओढून काढलं आणि त्या भेगाळ पायावर कपाळ टेकलं.

"आरं, काय करतंस? धूळ हाय," दिनानाथ म्हणत राहिले.

"अहो, उशीर होतोय!" दिपिकाची हाक आली. मिथुन डोळे पुसत उठला आणि मला तसाच खिशात कोंबून गाडीत बसला. दारात दिनानाथ एका पायात मोजा, एक पाय उघडा, असे हात हलवत राहिले.

म्हणून मी आज क्योतोत आहे. त्या खडीच्या अंगणासमोरच्या लाकडी पडवीत. फोन काढताना मिथुनच्या हाताला मी लागलो, आणि त्याने मला शेजारी फळीवर ठेवलं, एका माणसासाठी जागा राखून ठेवावी तसं. मग त्याने गावी व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, दिसतंय का?"

"दिसताय रं." बराच वेळ दिनानाथ बघत होते. "हात सरळ हाय गड्याचा. एक रेघ वाकडी नाय."

"बाबा, पुढच्या वेळेला तुम्हाला घेऊन येतो. नक्की."

पलीकडे दिनानाथ हसले. "नको रं. मोजा एकच राह्यलाय."

मिथुनने फोन छातीशी धरला.

ज्या डोळ्यांना हे बघायचं होतं ते गावी राहिले आणि ज्याला डोळेच नाहीत तो मी इथे येऊन बसलो. या लाजेने मी पुन्हा कुणाच्या पायात जाऊ शकणार नाही. मिथुन, एवढं ऐक. उठताना मला इथेच विसरून जा. मग बापाला आणशील तेव्हा त्याचे पाय झाकायला तुझ्याकडे काही नसेल.