एका बाहीचा झगा

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी जुना आहे, पिवळा पडलोय, आणि माझी एक बाही केव्हाच गेली. वेनफर्ड गावच्या चर्चमध्ये ओकची एक पेटी आहे. तिच्या तळाशी, मोडक्या मेणबत्तीदाण्यांच्या सोबतीनं मी पडून असतो. पाळकांनी उपासनेच्या वेळी काळ्या कोटावर घालायचा पांढरा झगा, तो मी. माझ्यापायी एका विद्वान माणसाचं पद दोनदा गेलं. एकदा त्यांनी मला घातलं नाही म्हणून, आणि एकदा घातलं म्हणून. ज्यांच्यासाठी मला शिवलं, त्यांच्या अंगावर मी उभ्या आयुष्यात एकच दुपार होतो. आणि जिनं शिवलं, तिनं ती दुपार बघितली नाही. मला दुःख आहे ते एवढंच. बाकी उंदीर, कसर यांचं मी काही मनाला लावून घेत नाही.

माझा जन्म शेतातला. टॅमसिन गॉस नावाची एक विधवा होती. सगळं गाव तिला टॅमसिनआई म्हणायचं. घरामागच्या पट्ट्यात तिनं जवस पेरलं, ज्याच्या काड्यांतून तागासारखा धागा निघतो. निळी फुलं आली आणि गेली. मग मला उपटलं, डबक्यात कुजत ठेवलं. काय तो वास सुटला होता! शेजारणी नाकाला एप्रन लावून जायच्या. मग मला बडवलं, विंचरलं, कातलं, विणलं. ओढ्याकाठच्या गवतावर पसरून टॅमसिनआई माझ्यावर पाणी शिंपडायची आणि वर ऊन द्यायची. असं कितीतरी दिवस चाललं, तेव्हा कुठे मी दुधासारखा पांढरा झालो. पण तेव्हा मी झगा नव्हतो. तेव्हा मी तिचं कफन होतो.

दचकू नका. आमच्याकडच्या बायकांची ती रीतच होती. शेवटच्या कपड्यासाठी दुसऱ्यापुढे हात पसरायचा नाही. आपलं सूत आपण कातायचं, विणायचं, आणि लॅव्हेंडरच्या काड्या घालून पेटीत जपून ठेवायचं. टॅमसिनआई तर मला मोठ्या तोऱ्यात दाखवायची.

"बघ गं, हात लावून बघ. राणीकडे नसेल असलं कापड! जगताना नाही, तर निदान मेल्यावर तरी मी थाटात जाणार."

"मेलं तुझं बोलणं ते!" शेजारीण म्हणायची, आणि हात लावून बघायचीच.

आता पाळकसाहेबांविषयी सांगतो. त्यांचं नाव एल्काना पेंब्री. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, सगळं त्यांच्या जिभेच्या टोकावर. वाचता वाचता त्यांनी एकदा पाव रश्श्याऐवजी शाईच्या दौतीत बुडवून खाल्ला, असं गाव हसत हसत सांगायचं. पण हसणाऱ्यांनाही माहीत होतं, की तापाची साथ आली तेव्हा भाऊ भावाला टाकून पळाला, आणि हा माणूस मात्र घरोघरी जाऊन बसला. टॅमसिनआईचा नवरा गेला तेव्हा त्याचा हात पाळकसाहेबांच्या हातात होता. तेव्हापासून त्यांच्यासाठी तिनं जीवही ओवाळून टाकला असता.

माणूस सोन्यासारखा, पण हट्टी! ते प्युरिटन पंथाचे. जे बायबलमध्ये सांगितलेलं नाही, त्याला चर्चमध्ये थारा नाही, असं त्यांचं म्हणणं. लग्नात अंगठी नको, बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण नको, आणि पांढरा झगा तर मुळीच नको. तो म्हणे पोपच्या घरचा उतरलेला कपडा! यावर त्यांनी पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. शेजारच्या गावचे पाळक त्यांचे विद्यापीठातले जिवलग मित्र. त्यांनी उलट पुस्तक लिहिलं. पुढे पुढे हे दोघे जिवलग एकमेकांशी फक्त छापूनच बोलायचे.

चर्चमधला आधीचा झगा पेंब्रीसाहेबांनी कारभाऱ्याच्या बायकोला देऊन टाकला. तिनं त्याची चीज गाळायची फडकी केली. गाव पोट धरून हसलं. बिशप मात्र हसले नाहीत. त्यांनी निरोप धाडला, की रविवारी आमचा अधिकारी येईल. पाळकांच्या अंगावर झगा दिसला नाही, तर त्यांनी गाव सोडायचं.

चर्चचा कारभारी जोब हार्डी टॅमसिनआईच्या दारात येऊन डोक्याला हात लावून बसला.

"आता झगा आणू कुठून, आई? एवढं लांबरुंद कापड काय झाडाला लागतं? माझ्या बायकोनं तर आधीच्याची चाळण करून ठेवलीय!"

टॅमसिनआई उठली. तिनं पेटी उघडली, लॅव्हेंडर झटकलं आणि मला मांडीवर घेतलं.

"अगं आई, हे तर तुझं..."

"मी काय आज मरतेय? पुन्हा पेरीन जवस. पाळकसाहेब काही पेरून उगवायचे नाहीत." मग तिनं त्याच्याकडे वळून बघितलं. "पण जोब, माझं नाव घ्यायचं नाही. वचन दे. नाव कळलं तर त्यांना भीड पडेल. भिडेपोटी घातला, तर त्या माणसाचा जीव त्यात गुदमरेल. त्यांना पटलं तर घालू देत."

तिनं खिडकीशी बसून मला शिवलं. माप घेतलं नाही. घेणार कसं? पण इतकी वर्षं रविवारी समोर बसून तिनं ते खांदे बघितले होते. कात्री चालवताना तिचा हात एकदाच थांबला, पहिल्या कापाला. मग थांबला नाही.

रविवार उजाडला. चर्चच्या मागच्या खोलीत जोबनं मला दोन्ही हातांवर धरलं.

"घाला हो, पाळकसाहेब. एकच रविवार. देव वरून बघतो, त्याला तुमचं टक्कल तेवढं दिसणार!"

"थट्टा पुरे, जोब. आज झगा, उद्या पोप."

"आणि उद्या तुम्हीच नसलात तर? आमच्या मरणाला कोण येऊन बसेल?"

हे मात्र त्यांना लागलं. त्यांनी मला हातात घेतलं आणि शाईनं डागाळलेल्या अंगठ्यानं माझी किनार चाचपली. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, जिंकलो! ते हळूच म्हणाले, "कापड मात्र सुरेख आहे. कुणी विणलं?"

जोबच्या ओठांवर नाव आलं होतं. पण वचनात अडकलेला माणूस तो, घुटमळला. तेवढ्यात घंटा वाजली. पाळकसाहेब वळले आणि मला हातात घेऊनच निघाले. अरे, मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं!

चर्च गच्च भरलं होतं. पुढच्या बाकावर बिशपचा अधिकारी पाय पसरून बसला होता. पाळकसाहेबांच्या हातात मला बघून टॅमसिनआईचा चेहरा असा उजळला, की तो आठवला तरी अजून माझे धागे ताणतात. ते प्रवचनपीठावर चढले. त्यांनी मला वर धरलं.

"बंधूंनो, हे बघा! हे तुम्हाला घालायला सांगतात. हे वस्त्र नाही, ही रोमची चिंधी आहे. ज्या हातांनी ही शिवली, त्या हातांनी तुमच्या श्रद्धेचं कफन शिवलं!"

आणि त्यांनी माझी बाही टर्रकन फाडली.

कुणीतरी "आमेन!" म्हणून ओरडलं. टॅमसिनआई मान खाली घालून आपल्या बोटांकडे बघत राहिली. सुईनं टोचलेल्या खुणा अजून बुजल्या नव्हत्या. ती रडली नाही. रडली असती तर कदाचित त्यांचं लक्ष गेलं असतं. सगळे निघून गेल्यावर ती पुढे आली आणि जमिनीवर पडलेली ती बाही उचलून तिनं एप्रनखाली घेतली. मला जोबनं पेटीत टाकलं.

पाळकसाहेबांचं पद गेलं. ते जहाजानं समुद्रापार, नव्या वसाहतीत गेले. गावानं त्यांना वेशीपर्यंत पोचवलं. टॅमसिनआईनं प्रवासासाठी जवाचा पाव आणि धुरावलेला वाम मासा बांधून दिला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, आणि तिनंही कळू दिलं नाही.

तिनं जवस पुन्हा पेरलं नाही. बोटं वाकडी झाली होती, चातीही धरवत नव्हती. एका कडाक्याच्या हिवाळ्यात ती गेली. जोब धावत चर्चमध्ये आला आणि मला पेटीतून काढू लागला. आता बिशपच्या मर्जीतले नवे पाळक होते. ते म्हणाले, "झगा चर्चचा आहे. चर्चची वस्तू खड्ड्यात जात नाही."

"अहो, तिचंच आहे हे! तिनं कातलंय!"

"होतं. आता देवाचं आहे."

देवाला त्याची काय गरज होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही. टॅमसिनआईला घोड्याच्या जुन्या कांबळ्यात गुंडाळून पुरलं. फक्त तोंडावर ती बाही घातली. जिला थाटात जायचं होतं, तिच्या वाट्याला माझा तेवढाच तुकडा आला. माझी बाही कुठे गेली, ते आता तुम्हाला कळलं.

मग राजा आणि पार्लमेंट यांची लढाई जुंपली. बिशप गेले, नवे पाळकही पळाले. प्युरिटनांचं राज्य आलं. आता झगा न घालणं नव्हे, झगा घालणं हा गुन्हा झाला. शिपाई चर्चमध्ये शिरून माझे भाऊबंद शोधून शोधून जाळायचे. जोबनं मला पेटीच्या तळाशी दडवलं, म्हणून मी वाचलो.

आणि पेंब्रीसाहेब परत आले. उरलेसुरले केस पांढरे, डोळे वाचून वाचून अधू झालेले. वसाहतीतही ते स्वस्थ बसले नव्हते. पुरुषांनी केस किती लांब ठेवावेत, यावरून तिथल्या आपल्याच लोकांशी भांडून आले होते! गावानं घंटा वाजवून त्यांचं स्वागत केलं, आणि पाळकपद पुन्हा त्यांना मिळालं. पहिल्याच दिवशी त्यांनी बाकांवर नजर फिरवली आणि विचारलं, "टॅमसिनआई दिसत नाही ती?"

जोब त्यांना मागच्या खोलीत घेऊन आला. त्यानं पेटी उघडली.

"तुम्ही तेव्हा विचारलं होतं, कापड कुणी विणलं. आता सांगतो. बसा आधी."

त्यानं सगळं सांगितलं. कफन, वचन, कांबळं, बाही. पाळकसाहेबांनी माझ्या फाटक्या खांद्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "झग्यावर मी एवढी पुस्तकं लिहिली, जोब. कुठल्या ग्रंथात काय आहे, कोणत्या संतानं काय म्हटलंय, काही सोडलं नाही. विणणारी तेवढी राहून गेली."

त्यांनी मला उचललं आणि अंगात घातलं.

"अहो, काय करता! बाहेर बाजार भरलाय. तुमचीच माणसं आहेत, सोडतील का?"

"माझीच आहेत, म्हणून तर घातला."

भरबाजारातून, भर दुपारी ते चालत निघाले. एक हात पांढरा, एक हात काळा. पोरं फिदीफिदी हसली. म्हातारे बघतच राहिले. कबरीजवळ त्यांनी गुडघे टेकले. कबरीपुढे गुडघे टेकण्याविरुद्ध जन्मभर लिहिलेला माणूस तो!

"टॅमसिनआई, बघा," ते म्हणाले. "खांद्यात अगदी बरोबर बसला."

खरंच, मी त्यांना इतका नेमका बसलो होतो, की मलाच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पंथाचे वडीलधारे चौकशीला बसले. "एवढंच म्हणा, की चूक झाली," ते म्हणाले. "वय झालंय, आम्ही समजून घेऊ."

"चूक झाली, पण ती जुनी आहे," पाळकसाहेब म्हणाले. "कालची नाही."

दुसऱ्यांदा त्यांचं पद गेलं. पुढे जोबच्याच घरी, चुलीजवळच्या खाटेवर ते वारले. शेवटच्या घडीला जोब मला त्यांच्याकडे घेऊन गेला होता. त्यांनी मान हलवली. "मला यात गुंडाळू नकोस. हे तिचं आहे. माझा त्यावर हक्क नाही."

म्हणून मी इथे आहे, मित्रांनो. जिचा होतो तिला मिळालो नाही, आणि ज्यांना मिळालो त्यांनी घेतलं नाही. माझी घडी नीट घाला, ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, एवढं मागितलं तर तुम्ही द्याल. पण मला दुसरंच काही मागायचंय. तत्त्वासाठी भांडा, खुशाल भांडा. फक्त एखादी गोष्ट फाडायला हातात घ्याल, तेव्हा ती कुणी विणली, हे आधी विचारा. पाळकसाहेबांनीही विचारलं होतं. उत्तर येईपर्यंत तेवढे ते थांबले नाहीत. तुम्ही थांबा.