बांधाच्या पोटातले दूध

शनिवारी सकाळी दहा वाजता तळ्याच्या बांधाखाली दोनशे माणसे बाटल्या आणि बरण्या घेऊन उभी होती. एकाने तर चक्क फुलदाणी आणली होती. जमिनीतून दूध येत होते. निदान काठीने जमिनीतले पाणी शोधणारा पाणाड्या तसे म्हणत होता, आणि गेले तीन आठवडे तो म्हणेल तेच गावाला दिसू लागले होते.

"ढकलाढकली नको!" दुबेळकी काठी उंचावून तो ओरडला. "धरती आठवडाभर झोपते आणि शनिवारी जागी होते! सत्तर क्षार, सात शक्ती! गुडघे, डोळे, पोट, परीक्षा, सगळ्यावर एकच घोट!"

मातीवाल्या बाई रांगेच्या कडेने पुढे आल्या. तीस वर्षे माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढल्यामुळे गावाने त्यांना हे नाव दिले होते. त्यांचे म्हणणे ऐकण्याची तसदी मात्र घेतली नव्हती. रांगेत त्यांच्या भावजयीने खुर्ची टाकली होती. वहिनींचे पाळणाघर झऱ्यापासून शंभर पावलांवर, उताराच्या तोंडाशीच होते. एरवी शनिवारी तिथे सहा मुले असत. आज मदतनिसाच्या ताब्यात एकोणीस होती, कारण आईबाप दुधाच्या रांगेत होते.

"वन्सं, आल्यात तर बाटली तरी आणायचीत," वहिनी म्हणाल्या.

"आणलीय." बाईंनी पिशवीतून काचेची बरणी काढली. वर नितळ पाणी होते आणि तळाशी बोटभर पांढरा गाळ. "गेल्या शनिवारचं तुमचं दूध. दूध नासतं, वहिनी. असं खाली बसत नाही."

"मग काय आहे ते?"

"बांधाच्या पोटातली चिकणमाती. पाणी अडावं म्हणून भरलेली. तुम्ही सगळे मिळून बांध पिताय."

"तुम्ही जन्मभर माती चाळलीत, तुम्हाला सगळीकडे मातीच दिसणार! आणि माझा गुडघा? तो कसा बरा झाला?"

"दर शनिवारी दोन तास खुर्चीत बसता, म्हणून. पूर्वी तेवढ्या वेळात पोरं कडेवर घेऊन जिना चढायचात."

वहिनींना राग आला. पण बरणी त्यांनी उजेडात धरून पुन्हा पाहिली.

बाईंनी झऱ्याखाली बाटली धरून घड्याळ लावले. मंगळवारी ती पन्नास सेकंदांत भरली होती, गेल्या शनिवारी चौदा. आज नऊ. धरतीच्या झोपेचे वेळापत्रकही त्यांच्या वहीत होते: शुक्रवारी संध्याकाळी तळ्याचा मालक सांडव्यावर फळ्या बसवी, पाणी हातभर चढे, म्हणजे सुट्टीच्या गिऱ्हाइकांच्या बदकाच्या आकाराच्या बोटी तळाला घासत नसत. सोमवारी फळ्या निघत. धरती नेमकी तेवढाच वेळ जागी असे. शिवाय झऱ्याचे तोंड "मोकळे" करायला पाणाड्याने तिथे पहार घातली होती. इतका मूर्खपणा एकट्या माणसाला झेपत नाही. त्याला रांग लागते.

"एक करार करू," बाई वहिनींना म्हणाल्या. "मी तळ्यात हिरवा रंग टाकते. नळाची गळती शोधतात तो, बाधत नाही. झरा जमिनीतला असेल तर रंग इथे येणारच नाही. पाणी मातीतून झिरपत असेल तर कित्येक आठवडे लागतील. पण तासाभरात आला, तर बांधाला आरपार भोक पडलंय. मग वाद नाही, मुलं बाहेर काढायची."

"आणि नाही आला तर?"

"तर ही बरणी मी ढवळून पिईन."

बांधावर दोन बुंधे होते. बोटीतून देखावा दिसावा म्हणून मालकाने सहा वर्षांपूर्वी झाडे तोडली, बुंधे तसेच ठेवले. बाईंनी त्यांच्यासमोर पाण्यात रंग ओतला. घड्याळात दहा चाळीस झाले होते.

अकरा वाजून दोन मिनिटांनी दूध हिरवे झाले.

पाणाड्याने काठी पुन्हा उंचावली. "वनस्पतींचा अर्क! ताकद दुप्पट! आता एकेकाला एकच बाटली!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. फुलदाणीवाला तर रांग मोडून पुढे धावला. बाईंना आश्चर्य वाटले नाही. पुराव्याला भिणारा माणूस भोंदूगिरीत टिकत नाही. पुरावा गिळून ढेकर देणाराच टिकतो.

पण वहिनी उठल्या होत्या. त्या खुर्चीवरच चढल्या, दुखऱ्या गुडघ्यासकट. एकोणीस पोरांना गप्प करणारा आवाज त्यांनी दोनशे थोरांवर सोडला.

"टाळ्या कसल्या पिटताय? रंग वन्संनी टाकलाय, मला सांगून टाकलाय! तळ्यातून इथवर बावीस मिनिटांत आला! बांध आतून पोखरलाय, आणि तुमची पोरं त्याच्याखाली झोपलीत!"

पहिली बाटली फुटली, मग रांग. पाळणाघर दहा मिनिटांत रिकामे झाले. पोरे वरच्या रस्त्यावर गेली, उतारावरची घरेही रिकामी झाली. बाई सांडव्याकडे चालल्या. मालक फळ्यांवर हात पसरून उभा होता.

"फळ्या काढल्या तर बोटी चिखलात बसतील!"

"बसू द्या. बदकांना सवय असते."

चार बापांनी फळ्या उपटल्या. तळाची झडपही उघडली. दुपारपर्यंत बाटली भरायला एक मिनिट लागू लागले. रविवारी झरा आटला. "नास्तिकांची दृष्ट लागली," म्हणत पाणाड्याने काठी काखोटीला मारली. फुलदाणीवाल्याने त्याचा पुढच्या गावचा पत्ता विचारून घेतला.

बुधवारी रिकाम्या तळ्याचा बांध खणला. तोडलेल्या झाडाच्या कुजलेल्या मुळाच्या जागी बोगदा होता. वहिनींनी त्यात खांद्यापर्यंत हात घातला. बाहेर काढला तेव्हा तो पांढरा होता.

"शेवट लागला नाही, वन्सं," त्या हळूच म्हणाल्या.

"आणखी दोन शनिवारांत बांधाचाच लागला असता."

वहिनींनी बोटांवरची माती चोळून पाहिली आणि हात धुतला. ती बरणी आता पाळणाघराच्या खिडकीत आहे. कुणी विचारले की वहिनी ती ढवळून समोर ठेवतात आणि सांगतात, "चमत्काराला नमस्कार खुशाल करा. पण आधी बरणीत भरा, चार दिवस ठेवा आणि तळाशी काय बसतं ते बघा. तेवढ्या दिवसांत खरा देव कुठे पळून जात नाही."