एकसर जोडणी

चैतालीने हात पुढे केला खरा, पण पिंकीचा हात धरायच्या ऐवजी तिने तिच्या स्वेटरची बाही चिमटीत धरली. टेबलावरचा इवलासा दिवा काही लागला नाही.

"हात धरा रे नीट!" विज्ञान शिकवणारी ज्योत्स्ना पगारे म्हणाली. "हातच जोडलेले नसतील तर वीज जाणार कुठून?"

सातवीची मुलं टेबलाभोवती गोल करून उभी होती. सेल, क्षीण वीज वाढवणारं सर्किट आणि दिवा बसवलेल्या पेटीतून दोन वायरी निघालेल्या, त्यांच्या टोकांना स्टीलचे चमचे. एका टोकाच्या मुलाने एक चमचा धरायचा, दुसऱ्या टोकाच्याने दुसरा, मध्ये सगळ्यांनी हातात हात घालायचे. की दिवा लागलाच पाहिजे. ही एकसर जोडणी. ज्योत्स्नाने तो दिवा घरी नवऱ्याला आणि शेजारच्या काकूंना हाताशी धरून दहादा लावून पाहिला होता. आज मागच्या बाकावर तपासणीचे साहेब बसले आणि दिव्याने हात वर केले.

मुख्याध्यापिकाबाई खाकरल्या. हे खाकरणं शाळेत सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

ज्योत्स्ना एकेका मुलाचा हात तपासत चैतालीपाशी आली. तिला बाही दिसली.

"काय गं?"

"मॅडम, तिच्या हाताला घाम येतो." चैताली अगदी हळू बोलली, तेही हसून. घरचं वळण चांगलं असलेली मुलगी.

पिंकी गावित खाली बघत होती. तिचे आईबाप पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरचे, नाशकात गंगापूर रोडला नव्या इमारतींच्या कामावर आलेले. दिवाळीनंतर ती शाळेत दाखल झाली तेव्हापासून कडेच्या बाकावर एकटीच बसायची.

घामट हातातून वीज उलट जास्तच चांगली जाते. हे सांगायला ज्योत्स्नाला एक वाक्य पुरलं असतं. आणि ते हसू तर तिला नवं नव्हतंच. शिक्षकखोलीत तिने डबा पुढे सरकवला की कुणाचा ना कुणाचा उपवास निघायचा. चतुर्थी नसली तर गुरुवार, गुरुवारही नसला तर पोट बिघडलेलं. पगारेबाईंशी वाकडं असं कुणी कधीच बोललं नव्हतं.

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"बरं, आता आपण समांतर जोडणी पाहू," ज्योत्स्ना म्हणाली. आपला आवाज एवढा मोकळा कसा निघाला, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "पिंकी, तू इकडे ये. दोन्ही चमच्यांना एकेक हात लाव. बाकीच्यांची साखळी वेगळी. चैताली, तू ललितचा हात धर."

पिंकीने चमच्यांना हात लावले, चैतालीने ललितचा हात लगेच धरला आणि दिवा लागला. मुलं ओरडली. मग साखळीतल्या मुलांनी हात सोडले तरी तो जळतच राहिला, कारण पिंकीचे दोन्ही हात चमच्यांवर होते. पिंकीने मान वर करून सगळ्या वर्गाकडे पाहिलं. टाळ्या पडल्या.

"वा!" साहेब उठून पुढे आले. "त्या मुलीला वेगळं उभं करायची युक्ती झकास हं, बाई. एकदम डोक्यात बसलं मुलांच्या."

"थँक यू, सर," ज्योत्स्ना म्हणाली. तिचे कान तापले. लाज वाटली, आणि ती कुणाला दाखवायचीही सोय नव्हती, कारण मुख्याध्यापिकाबाई पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसत होत्या.

ती दोघं बोलत बोलत दाराशी गेली. मुलं बाकांकडे पांगू लागली. पिंकी मात्र दिव्यापाशीच उभी होती.

"थांबा रे," ज्योत्स्ना एकदम म्हणाली. "ती पहिली जोडणी राहिली आपली. परत गोल करा. पिंकी, तू मध्ये ये. या बाजूने तुझा हात मी धरते."

पिंकी दोन पावलं मागे सरली.

"नको ना, मॅडम."

"का गं?"

"मला मधी घेतलं का इझतोय त्यो." ती समजुतीने बोलत होती, जणू मॅडमच्याच लक्षात आलं नसावं. "मी अशी येगळी असली का बरा लागतो."

तुझ्यामुळे नाही विझला, असं ज्योत्स्नाच्या ओठांवर आलं. पण मग कुणामुळे, हेही सांगावं लागलं असतं. चैताली बाकावरून बघत होती. साहेब अजून दारातच होते.

"बरं," ज्योत्स्ना म्हणाली. "जा, बस जागेवर."

पिंकी कडेच्या बाकाकडे गेली. ज्योत्स्नाने दोन्ही चमचे पुसले, वायरी गुंडाळल्या आणि पेटीचं झाकण लावलं.