सासूबाईंच्या मशीनची झोप

शब्दकोशाच्या कार्यालयातल्या बावीस संगणकांची देखभाल ज्याच्याकडे होती, त्याला सगळे वायरबुवा म्हणत. विजेची बचत करा असा वरून आदेश आला, तेव्हा संचालकांनी त्यालाच बोलावलं.

"मशीन रिकामं पडलं की झोपलं पाहिजे," ते म्हणाले. "आणि कुठलं किती वेळ झोपलं, त्याची यादी मला दर आठवड्याला हवी."

लिनक्सवर चालणाऱ्या त्या जुन्या मशीनना झोपवणं सोपं होतं. उठवताना नाकी नऊ आले. एखादं जागं व्हायचं ते काळा पडदा घेऊन, एखादं नेटवर्कच विसरायचं. खिडकीजवळचं तर टेबलाला धक्का लागला तरी दचकून उठायचं. वायरबुवाने दोन आठवडे एकेकाच्या सेटिंगच्या फायली उघडून सगळ्यांना वळण लावलं. दहा मिनिटं कुणाचा हात लागला नाही की मशीन झोपायचं. बटण दाबलं की तीन सेकंदांत उठून पासवर्ड विचारायचं. वीज पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या हिश्श्याने कमी जळली आणि वायरबुवाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ते यादी जाईपर्यंतच टिकलं. संचालकांनी सात नंबरच्या मशीनभोवती लाल गोल काढला. रोज सरासरी पाच तास झोप!

सात नंबरवर बसायच्या कोशबाई, म्हणजे वायरबुवाच्या सख्ख्या सासूबाई. तीस वर्षं त्या शब्दांचे अर्थ लिहीत होत्या. तासभर हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघायच्या, मग अकरा शब्द टाइप करायच्या. त्या अकरातला एकही हलवायची कुणाची छाती नव्हती.

यादीच्या पहिल्या पानाच्या तळाशी पत्रव्यवहाराचा कारकून होता. त्याच्या मशीनने डोळा म्हणून मिटला नव्हता. दर वेळी पासवर्ड टाकणं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून चहाला उठताना तो बाणाच्या बटणावर पेपरवेट ठेवून जायचा. हे संचालक सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"कारकुनाचा शुक्रवारी सत्कार करू," संचालक म्हणाले. "आणि बाईंना लेखी खुलासा मागा. पत्र तुम्हीच द्या, घरचेच आहात."

"साहेब, मशीन झोपलं म्हणजे माणूस झोपलं असं नाही."

"मग पाच तास काय करत होत्या?"

"विचार."

"त्याची नोंद आहे?"

नोंद नव्हती.

संध्याकाळी जेवताना वायरबुवाने पत्र सासूबाईंच्या ताटाशेजारी सरकवलं. बायकोने ते उलटं असतानाच वाचलं आणि वाढता वाढता थांबली. "आईला? तू आणून दिलंस हे?"

सासूबाईंनी चष्मा लावला. "'निष्क्रिय'मधला 'क्रि' दीर्घ लिहिलाय," त्या म्हणाल्या आणि पेन्सिलीने दुरुस्त केला. मग जावयाकडे वळल्या. "सोमवारी मी 'कंटाळा' घेतला होता. कंटाळा येतो, आळस भरतो. एक येतो आणि दुसरा भरतो, ते का, हे कळायला साडेतीन तास गेले. तेवढा वेळ तुमचं मशीन जागं राहून काय करणार होतं?"

"तुमचं मशीन झोपणारच नाही असं करतो, आई. दोन मिनिटांचं काम आहे."

"मुळीच नको. झोपलं की त्याची घरघर थांबते. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्या उपयोगाचं केलेलं हे पहिलं काम, जावईबापू."

बायकोला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी त्याने यादी पुन्हा उघडली. आकडा एकही बदलला नाही. 'मशीनची झोप' हे शीर्षक खोडून 'विजेची बचत' असं घातलं आणि छापून नेऊन दिली.

"वा!" संचालक खुर्चीत पुढे सरकले. "सात नंबर पहिला! कोण बसतं तिथे?"

"कोशबाई."

"सत्कार करा त्यांचा. आणि हा कारकून? क्षणभरही मशीन बंद ठेवत नाही? खुलासा मागा!"

कारकुनाच्याही खाली, मागच्या पानावर, संचालकांचं स्वतःचं मशीन होतं. त्यावर दिवसभर गाणी लागलेली असत, आणि गाणं चालू असताना मशीन झोपत नाही. पण पान उलटायची संचालकांना सवय नव्हती.

कारकुनाचा सत्कार आधीच ठरलेला होता, तो रद्द कोण करणार? शुक्रवारी त्याला अखंड कामाबद्दल गुच्छ मिळाला आणि अखंड वीज जाळल्याबद्दल पत्र. सासूबाईंना मशीनला सर्वाधिक विश्रांती दिल्याचं मानपत्र मिळालं. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि पिशवीत घातलं.

कारकून गुच्छ हातात धरूनच वायरबुवाकडे आला. "मी आता लिहू काय?"

वायरबुवाला त्याच्याकडे बघवेना. ही आग त्याने स्वतःच लावली होती. त्याने कारकुनाला सात नंबरपाशी नेलं. "बाई, यांचा खुलासा जरा बघता?"

सासूबाईंनी पत्र वाचलं, हात मांडीवर ठेवले आणि भिंतीकडे बघत बसल्या. कारकून अवघडून उभा राहिला. अर्ध्या तासाने त्यांनी तीन वाक्यं सांगितली, त्याने ती उतरवून घेतली. त्यात खोटं काही नव्हतं, पेपरवेटही नव्हता.

खुलासा संचालकांना इतका आवडला, की यापुढचे सगळे खुलासे याच नमुन्यात लिहावेत असं परिपत्रक त्यांनी काढलं.