शिकवलेली काच

गाडीच्या खिडकीची काच वर जाऊन टेकली तरी मिस्त्रीने बटण सोडलं नाही. मोटर बदलली की काचेला तिची हद्द अशी शिकवावी लागते. नाहीतर मध्ये कुणाचा हात आला तरी ती थांबत नाही. बटणावर बोट तसंच ठेवून त्याने एकदम मान वळवली.

"सकाळी बाईंची गाडी गेली ना रे? तिची काच शिकवली का मी?"

मेहुणा बॉनेटखालून म्हणाला, "मला काय विचारता दाजी? दाराला तुम्ही कुणाला हात लावू देता का?"

मिस्त्री आठवू लागला. काच अर्ध्यावर अडकली होती. फ्यूज ठीक, बटण ठीक, मोटरपर्यंत करंट येत होता. म्हणजे मोटरच गेलेली. ती बदलली, दाराचं कव्हर बसवलं. पुढे? पुढचं सगळं कोरं. बाईंचा मुलगा मात्र लख्ख आठवला. मागच्या खिडकीतून मान बाहेर काढून दिसेल त्या कुत्र्याला हाका मारणारा. आणि ती मागचीच खिडकी होती.

त्याने बाईंना फोन लावला. नुसताच वाजत राहिला.

"गाडी चालवत असतील," मेहुण्याने धीर दिला. मिस्त्रीने स्कूटरची किल्ली उचलली.

बाईंच्या फाटकाशी गाडी उभी दिसली. मागच्या काचेवर हनुवटी टेकवून मुलगा बाहेर बघत होता.

"मान आत घे! आत घे आधी!"

मुलगा दचकून आत सरकला. बाई पुढच्या सीटवरून धडपडत उतरल्या. "अहो काका, झालं काय?"

"काच शिकवायची राहिली. चूक माझी आहे." त्याने खिडकीच्या फटीत स्वतःचा हात घातला. तपासायची त्याची पद्धत हीच, पहिल्यापासून. "बटण दाबा."

"अहो, हात!"

"दाबा म्हणतो ना."

काच वर आली, हाताला टेकली आणि खाली गेली. पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा खाली.

बाई हसू लागल्या. "सकाळी हेच तर दाखवलंत! वर म्हणालात, 'आता ही तुमच्या चिरंजीवांपेक्षा शहाणी झाली.' तेव्हापासून हा काचेत चेंडू अडकवून बघतोय."

वाक्य त्याचंच होतं. असं तोच बोलतो. पण ते बोलल्याचं त्याला काही केल्या आठवेना. त्याच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. हात बिनचूक चालायचे, केलेलं मात्र लक्षात राहायचं नाही.

"हो, हो," तो हसला. "म्हटलं, एकदा खात्री करून घ्यावी."

बाई त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेल्या. मुलाने विचारलं, "आजोबा, मी दाबू?"

मिस्त्रीने हात फटीत ठेवला. काच वर आली, हाताला टेकली, समजून मागे सरली. तिच्या सगळं लक्षात होतं.

त्याने हात काढला नाही.

"अजून एकदा," तो म्हणाला.