खाडीच्या पल्याड कौशल्याबाई

मित्रांनो, दर्यापूरच्या एका घरात खुंटीला टांगलेली मी जुनी दुर्बीण आहे. माझी एक काच बुरशीनं धुरकटली आहे. कारखान्यात माझी भिंगं घासली जात होती, तेव्हा दूरचं जवळ आणणं हेच आपलं भाग्य, असं मला वाटे.

या घरच्या सूर्यभानजींनी मला राजापेठेतल्या दुकानातून हौसेनं घेतलं आणि बायको कौशल्याबाईंसोबत ते ओडिशाच्या किनाऱ्यावरचं राष्ट्रीय उद्यान बघायला निघाले. नावेत मी सूर्यभानजींच्याच डोळ्यांना होते. चिखलात ऊन खात पडलेल्या मगरी, निळा खंड्या, खारफुटीतून डोकावणारी हरणं, सारं मी दाखवलं. माझी फार तारीफ झाली. कौशल्याबाईंनी हात पुढे केला, पण ‘देतो, देतो’ म्हणता म्हणता ते राहूनच गेलं.

दुपारी बेटावर पायी फिरणं झालं. परतताना कौशल्याबाई धक्क्यावर पायांचा चिखल धुवायला मागे थांबल्या. सूर्यभानजी नावेच्या पुढच्या टोकाला बसून बगळे बघत होते. बायको मागे बसली असेल, असंच त्यांनी धरलं. नाव खाडीच्या मध्यावर आली. सहज त्यांनी मला काठाकडे वळवलं, तर धक्क्यावर कौशल्याबाई एकट्या उभ्या. खालच्या चिखलात एक मगर हलली. मी त्यांचा चेहरा इतका जवळ आणला की डोळ्यांतलं पाणीही दिसलं. पण खाडी होती तेवढीच रुंद राहिली.

सूर्यभानजींनी नावाड्याला हात जोडले, तेव्हा नाव वळली.

कौशल्याबाई नावेत बसल्या. मग म्हणाल्या, “तुमी मले पाहून राहिले होते. मले तं कोणीच दिसत नव्हतं.”

सूर्यभानजींनी मला काढून त्यांच्या गळ्यात घातलं. कौशल्याबाईंनी मला डोळ्यांना लावलं नाही.

घरी आल्यावर खाऱ्या हवेचा ओलावा अंगात घेऊन मी पिशवीतच पडून राहिले. बुरशी चढली, मग खुंटी मिळाली. आता दोघं रोज संध्याकाळी शेताकडे चालत जातात, माझ्याविना. कोणती पाखरं आली, ते मला त्यांच्या बोलण्यातूनच कळतं. वाईट वाटतं, पण राग येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला मऊ कपड्यानं पुसा, कोरड्या जागी ठेवा. आणि डोळ्यांना लावण्याआधी शेजारी कोण बसलं आहे, तेवढं बघून घ्या.